वरणातली पाल

आमच्या गावात अजूनही कुणाच्या घरी जेवणानं पोट बिघडलं की कुणीतरी म्हणतंच, "सरडे सरांची पाल आली असल बघा." लगेच आजूबाजूची माणसं हसतात. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्या सरांना पाहिलेलंही नाही. मी पाहिलंय. एका स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी बसलोय, आणि त्या हसण्यात आजवर मीही सामील झालोय. सरांची पाल वरणात पडली आणि होस्टेलची पोरं मरता मरता वाचली, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे. खोटी आहे हे छातीठोकपणे सांगू शकेल असा माणूस आता एकच उरलाय. अण्णा गेले, आचारी गेला, गेल्या वर्षी सरही गेले. म्हणून लिहायला बसलो. आधी तो माणूस कसा होता ते सांगतो, कारण गावाला तेही धड माहीत नाही.

सरडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. पोरांनी ठेवलेलं नाव ते. पण इतकं रुळलं की पोराच्या ॲडमिशनला आलेला बाप वर्गाच्या दारात उभा राहून विचारायचा, "सरडे गुरुजी तुमीच का?" सर शांतपणे म्हणायचे, "हाव, बोला." त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. "आडनावानं जात कळती. ह्या नावानं निदान काम तरी कळतं," म्हणायचे.

आमचं गाव परळी आणि घाटनांदूरच्या मधल्या पट्ट्यातलं. वारा फिरला की परळीच्या थर्मल वीजकेंद्राची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. देशात सगळं खुलं झाल्याची ती वर्षं होती. गावात एसटीडीचा पिवळा डबा आला, केबल आली, आणि अण्णांचं कॉलेज आलं. अण्णा म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. बंद पडलेल्या कापूस जिनिंगच्या गोदामात पत्र्याचे पडदे घालून त्यांनी वर्ग केले. एका पडद्याआड प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा, तिच्या पलीकडच्या पडद्याआड होस्टेलचं स्वयंपाकघर. प्रयोगशाळेत सर, आणि होस्टेलचा रेक्टर मी. शिकवायला माझ्याकडे इतिहास होता.

पहिल्या तासाला त्यांनी पोरांना विचारलं होतं, "पाल काय खाती?"

"किडे," पोरं म्हणाली.

"कोन्ते किडे?"

सर एका पोरापाशी गेले. "तुझी माय बाजारात जाती तवा भाजी आनती, का मेथी आनती?"

"मेथी, सर."

"आन् चुका?"

"चुका आमच्या आबाला आवडत न्हाई."

"मग! तुझ्या आबाला आवड हाय अन् पालीला न्हाई का?"

हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. पाल, सरडा, सापसुरळी, ही किडे खाणारी मंडळी नेमकं काय खातात, काय टाकतात, समोर दोन किडे असले तर आधी कोणता उचलतात. ह्याचा उपयोग काय, असं विचारलं की ते चिडत. "तुमच्या शिवाजीमहाराजांच्या तारखांचा काय उपेग हाय? मी विचारलं का कवा?"

पालीच्या लेंड्या ते कागदाच्या पुड्यांतून गोळा करत. स्टाफरूमच्या ज्या टेबलावर आम्ही डबे उघडत असू, त्याच टेबलावर बशीत पाणी घेऊन एक लेंडी भिजत घालत आणि सुईनं उकलत. आत मुंगळ्याचं डोकं, पतंगाच्या पंखाचा तुकडा, झुरळाची तंगडी. ते दिसलं की भाकरी तोंडात असलेल्या माणसालाही हाक मारत, "या या, इकडं या, लवकर!" गणिताचे सर एकदा डबा उचलून थेट बाहेर निंबाखाली जाऊन बसले, ते पुढे कायमचे तिथंच जेवू लागले.

खिशात काडेपेट्या असत. सर विडी-सिगरेट ओढत नव्हते, पण हे माहीत नसलेल्या विद्यापीठाच्या एका पाहुण्यानं त्यांच्याकडे काडी मागितली. सर बोलत होते, बोलता बोलता त्यांनी पेटी पुढे केली. पाहुण्यानं उघडली तर टुणकन रातकिडा त्याच्या शर्टात. त्या दिवशी अण्णांनी मला बोलावून म्हटलं होतं, "त्या सरड्याला जरा समजाव बे. पाव्हन्यासमोर तरी मानसागत ऱ्हा म्हनावं."

सरांची एक पद्धत मला तेव्हा वेडेपणाची वाटे. मासे ठेवायच्या काचेच्या पेट्यांवर जाळीचं झाकण, झाकणावर वीट, आणि आत पाली. कोणता किडा जास्त आवडतो ते बघायचं म्हणजे पाल उपाशी ठेवायची आणि दोन किडे सोडायचे, असं कुणालाही वाटेल. सर उलटं करायचे. आधी पालीला पोटभर खाऊ घालायचे, मग दुसऱ्या दिवशी किडे सोडायचे. "उपाशी पाल काय बी उचलती. तिची आवड कळायची तर आधी पोट भरलेलं पायजे. उपाशाला काय आवडतं, असं विचारूच न्हाई." हे ते पालीबद्दल बोलत होते. पण आमच्या होस्टेलच्या खिडकीपाशी उभं राहून बोलत होते, आणि आत ऊसतोडीला गेलेल्या माणसांची पोरं पातळ आमटीत भाकरी कुस्करत होती. माझ्याच देखरेखीखालची आमटी. मी विषय बदलला.

कापसावरचा लाल ढेकूण सरडा एकदाच तोंडात घेतो, थुंकतो, मग जन्मात त्याच्या वाटेला जात नाही, हे त्यांनी मला पेटीपाशी उभं करून दाखवलं. सरडा जिभेवरची घाण चव घालवायला जबडा काडीवर घासत होता, आणि सर पोटच्या पोरानं बक्षीस मिळवावं तसे हसत होते. "बघा, शिकला! आपल्याकडं थुकलेलं मानूस पाच वर्सांनी परत निवडून देतं."

असं बोलणं अण्णांपर्यंत पोचायला वेळ लागत नसे. पोचवणारा बहुधा मीच असे.

माणसांचेही त्यांनी दोन गट केले होते. सापसुरळी हिंडून खाते. पाचोळा उकरते, वास काढते, दिवसभर राबते. पाल एका जागी बसून खाते. दिव्यापाशी जागा धरायची, हलायचं नाही, किडा आपणहून येतो. "तुमी पाल," ते मला म्हणाले. स्टाफरूममध्ये, सगळ्यांदेखत. "अण्णा म्हंजे दिवा. तुमी बरूबर जागा धरलीय." सगळे हसले, मीही हसलो. त्यांच्या बोलण्यात विखार नव्हता. पालीला पाल म्हणण्यात त्यांना अपमान वाटतच नव्हता. मला वाटला, आणि मी तो जपून ठेवला.

गावात मात्र त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक कायम येई. अंगावर पाल पडलेलं. उजव्या खांद्यावर पडली तर काय, डाव्या पायावर पडली तर काय. एका किराणा दुकानदाराच्या डोक्यावर पडली होती. तो आंघोळ करून, देवाला जाऊन, वर सरांकडे आला.

"सर, लई वंगाळ झालं वो. मरन तर न्हाई ना?"

"दुकानात दिवा कुटं हाय तुमच्या?"

"गल्ल्यावर."

"अन् गूळ?"

"त्याच्याच खाली."

"गुळावर माश्या, दिव्यावर चिलटं, त्यांच्यामागं पाल, पालीखाली तुमी. गूळ हलवा. मरन टळल."

दुकानदारानं गूळ हलवला की नाही ठाऊक नाही. पण सरांना शास्त्र कळत नाही, असं तो गावभर सांगत फिरला. सर स्वतः लिंगायत, त्याच व्यापारी घरांमधले, शाकाहाराचे कडक. प्रयोगशाळेतून घरी गेले की आंघोळ केल्याशिवाय वहिनी त्यांना चुलीपाशी येऊ देत नसत. "जगातली समदी घान ह्यांच्या खिशात," असं मला सांगत आणि वर हसत. मला त्या भाऊजी म्हणत. माझ्यावर त्यांचा फार विश्वास. नवरा कुठं भरकटला की सांभाळून आणायला भाऊजी आहेत, असा.

आता कापसाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

त्या वर्षांत बोंडअळीनं कहर केला होता आणि रोज नवं औषध बाजारात येत होतं. विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. अण्णांच्या मेहुण्याचं कृषी सेवा केंद्र होतं, तिथं पोत्यांपेक्षा कॅन जास्त. सर फवारलेल्या रानात जाळी घेऊन जात आणि आणलेले किडे पेटीत सोडत. एके दिवशी त्यांनी मला ओढतच नेलं. पेटीत दोन नाकतोडे होते, एक धडधाकट, एक फवाऱ्यातला. धडधाकट नाकतोडा काडीला चिकटून गप्प बसला होता. फवाऱ्यातला तडफडत होता, उलटा पडून तंगड्या झाडत होता. सरड्यानं मान तिरकी केली आणि तडफडणारा उचलला.

"हलतं तेच त्याला दिसतं," सर म्हणाले. "जे लई हलतं ते आधी उचलतो. अन् लई हलतं कोन? जे मरायला लागलंय ते. म्हंजे विष पेरलेल्या रानात हा बिचारा येचून येचून विषच खातोय. त्याला वाटतंय, आज चांगलं गावलं."

थोड्या वेळानं त्या सरड्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. अंग थरथरायला लागलं. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली. सर काचेला नाक लावून बघत होते. मग उठले आणि पहिल्यांदाच मी त्यांना रडवेलं झालेलं पाहिलं. "आता पुन्यांदा असं करायचं न्हाई. एकदा बघितलं, बास झालं."

त्यानंतर ते मेहुण्याच्या दुकानासमोर उभं राहून शेतकऱ्यांना सांगू लागले, की बाबांनो, अळी खाणाराच मरतोय, मग अळी वाढणार नाही तर काय. शेतकरी ऐकत, मान हलवत आणि आत जाऊन औषध घेत. पण मेहुण्याच्या डोक्यात ते बसलं. अण्णांच्याही.

अण्णांचा वाढदिवस हिवाळ्यात आला. परळीला सभा, दुपारी होस्टेलच्या पोरांना जेवण. पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात, बुंदी, मठ्ठा. होस्टेलची मोठी पातेली सभेच्या सरबतासाठी परळीला गेली होती. मठ्ठा कशात करायचा म्हणून आचारी माझ्यापाशी आला. मी मेहुण्याच्या दुकानात माणूस धाडून निळा कॅन मागवला. रिकामा आहे, धुतलेला आहे, असा निरोप आला. मी स्वतः तो राखेनं घासून घेतला. उघड्या तोंडाला नाक लावलं. वास होता. थोडा होता. आचारी म्हणाला, "सायेब, वास येतोय जरा." मी म्हणालो, "ताकाचा आंबटपना आला की जातो. भर."

जेवणं उरकून पोरं उन्हाला बसली होती. पहिल्यांदा एकाला उलटी झाली. मग तिघांना. मग ओसरीभर पोरं आडवी. तोंडातून लाळेच्या तारा, अंग थरथरतंय. आचाऱ्यानं डोक्याला हात लावला आणि आमच्याकडे अशा वेळी कुणीही जे म्हणतं तेच म्हणाला, "वरनात पाल पडली असल हो!" शेजारच्या बायका म्हणाल्या, पाल. रस्त्यावरचा माणूस म्हणाला, पाल. पाल पडलेलं अन्न म्हणजे विष, हे आमच्याकडे अंगाईबरोबर शिकवलं जातं. मला कॅनचा वास आठवला आणि मीही म्हणालो, पाल.

जीप आली. पोरं भरत होतो, तेवढ्यात सर लुना घेऊन तुरीच्या रानातून परतले. जाळी तशीच पाठीला. त्यांनी एका पोराचं तोंड हातात धरलं, पापणी वर केली, ओसरीच्या कोपऱ्यातल्या निळ्या कॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मठ्ठा कशात केलता?"

"पाल पडली होती वरणात," मी म्हणालो.

त्यांनी परत विचारलं नाही. जीपच्या मागच्या फळीवर उभे राहिले आणि पोरांबरोबर अंबाजोगाईला गेले. तिथं दवाखान्यात डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, की ह्यांच्या पोटात फवाऱ्याचं औषध गेलंय, हे मी सरड्यात बघितलंय. हे मला नंतर जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं. डॉक्टरांनी त्यांचं ऐकून घेतलं, पोरं तपासली, इंजेक्शनं दिली. पोरं वाचली ती अशी. गाव म्हणतं सरांच्या पालीमुळं मरत होती, ती पोरं सरांनीच परत आणली होती.

ते तिकडे असताना इकडे अण्णा आले. सभेतला हार अजून गळ्यात होता. कॅन बघितला, मेहुण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाल गावली का?"

"न्हाई, अण्णा. बोलायलेत समदे."

"बोलून भागतंय का बे? गावली पायजे."

एवढंच बोलले. पुढचं मी केलं. कुणी हात धरला नव्हता.

प्रयोगशाळेची एक किल्ली रेक्टर म्हणून माझ्यापाशी असे. मी आत गेलो, एका पेटीवरची वीट उचलली, झाकण काढलं आणि हात घातला. पहिल्या झटक्यात पाल निसटली, बोटांत नुसती शेपूट आली. ती पेटीत पडून वळवळत राहिली. दुसऱ्या झटक्यात पाल धरली. उरलेलं वरण कोमट होतं. पळीनं तिला खाली दाबून धरावं लागलं. ती पळीला खालून धडका देत होती, ते हाताला कळत होतं. मग थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या ओसरीत अण्णांनी माणसं जमवली. गावातले प्रतिष्ठित, गावातल्याच पोरांचे दोन पालक, शिक्षक, शेजारच्या बायका. पातेल्यावरचं ताट काढलं, पळीनं ढवळलं आणि पाल वर आली. बायकांनी पदर तोंडाला लावले. सर अंबाजोगाईहून नुकतेच पोचले होते, रात्रभराचे जागे. ते पुढे झाले, वाकून बघितलं, प्रयोगशाळेत गेले आणि परत आले ते काडेपेटी घेऊन.

त्यांचा चेहरा खुलला होता. हे मी विसरू शकत नाही. त्यांना वाटलं, आता सुटलं कोडं.

"बघा," त्यांनी पेटी उघडून सगळ्यांपुढे धरली. "ही शेपूट. माझ्या पेटीत पडलेली. अन् ही पाल, बिनशेपटीची. ही माझी पाल हाय. पाल उगंच शेपूट टाकत न्हाई, कुनी धरली तरच टाकती. शेपूट पेटीत, पाल वरनात. मधी मानसाचा हात हाय."

मग अण्णा सावकाश म्हणाले, "म्हंजे पाल तुमची."

"माझीच. तेच तर सांगतोय."

"ऐकलं का समद्यांनी? सर कबूल झाले. पाल त्यांची."

गलका झाला. सरांना कळेचना की माणसांनी अर्धंच का ऐकलं. आयुष्यभर पुरावा समोर ठेवला की प्राणी त्याला दाद देतो, एवढंच त्यांनी बघितलं होतं. "अवो, झाकनावर वीट असती!" ते ओरडले. "वीट कोनी उचलली?" एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले. शेवटी माझ्यापाशी थांबले. "वीट कोनी उचलली?"

मी म्हणालो, "सर, माणसाकडून चूक होते. झाकण लावायचं राहून गेलं असेल तुमचं."

त्यांनी काडेपेटी बंद करून खिशात टाकली. मग पातेल्याकडे वळले. "ठीक. पाल माझी. पन पालीत विष नसतं. डास, झुरळं, पतंग खाती ती, विष कुटनं येईल?" म्हणत त्यांनी वाटी बुडवली आणि ते आंबलेलं वरण घटाघट प्यायले. आणखी एक वाटी प्यायले. "आता मी हितं फाटकात बसतो. दिवसभर बघा. मला काय झालं तर पाल. न्हाई झालं तर त्या निळ्या कॅनचं काय ते इचारा."

ते खरोखर फाटकात बसले. संध्याकाळपर्यंत. त्यांना काहीही झालं नाही. सगळं गाव बघून गेलं. पण गावानं बघितलं ते वेगळंच. किराणा दुकानदार आला, थुंकला आणि म्हणाला, "लिंगायताच्या पोटी येऊन पालीचं वरन पिला. शिव शिव." पोरांच्या तब्येतीची चौकशी कुणी केली नाही. त्यांचे आईबाप दूर कारखान्यांवर कोयते घेऊन होते, विचारायला येणारं होतंच कोण? चार दिवसांत पोरं बरी होऊन आली, मेहुण्यानं कॅन फोडून जाळला, आणि निळ्या कॅनचं कुणी विचारलं नाही. राहिलं ते एवढंच, की सरांची पाल वरणात पडली, आणि सर ते वरण प्यायले.

अण्णांनी त्यांना काढलं. जाताना त्यांनी पाली जिनिंगच्या भिंतीवर सोडून दिल्या. मी त्या वेळी ऑफिसात होतो, बाहेर आलो नाही. पुढं कॉलेजला अनुदान मिळालं आणि मी प्राचार्य झालो. सर परळीला गेले, शिकवण्या घेऊ लागले. पण कीर्ती त्यांच्याआधीच पोचली होती, पोरं टिकत नसत.

मधे एकदाच भेटले, परळीच्या स्टेशनवर. कुंपणाच्या तारेवर राखेनं पांढरा पडलेला एक सरडा होता, सर त्याच्याकडे बघत बाकावर बसले होते. मी तोंड चुकवून जाणार, तर म्हणाले, "बसा की." मी बसलो. "हितला सरडा राख बसलेला मुंगळा बी खातो," ते म्हणाले. "मला वाटलतं थुकंल. न्हाई थुकला. सवय झाली त्याला." मग गाडी येईपर्यंत ते त्याच सरड्याबद्दल बोलत राहिले. जिवाचा मित्र भेटल्यासारखे. मी दर वाक्याला वाट बघत होतो की आता विचारतील. त्यांनी विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं, असं मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलो. सांगितलं नसतं.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. परळीला त्यांच्या घरी गेलो. वहिनी आता वाकल्या आहेत, पण ओळखलं त्यांनी. "या भाऊजी," म्हणाल्या. जेवणाची वेळ होती, तव्यावर भाकरी होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बसलो असतो तर परत राहिलं असतं.

"वहिनी, ती पाल मी टाकली होती."

त्यांनी भाकरी उलटली. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"हे त्यांनी त्याच दिवशी मला सांगितलतं," त्या म्हणाल्या. "फाटकातून घरी आले अन् म्हनले, हे भाऊजींचं काम हाय."

त्यांनी तव्यावरची भाकरी खाली उतरवली.

"मी म्हनलं, तोंड सांभाळा. तेवढा एक मानूस तुमच्या पाठीशी हाय, त्याच्यावर बी घान टाकता का? तुमच्या गलथानपनाचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडू नका." त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्यांनी परत कवा तुमचं नाव घेतलं न्हाई."

"वहिनी..."

"पालीचं वरन पिलेलं मानूस. मी त्यांचं ताट येगळं केलतं, भाऊजी. तांब्या येगळा. मी त्या ताटाला हात लावायची न्हाई, त्यांचं तेच घासायचे. आजारी पडले तवा बी पेज पाजली ती त्यांच्या येगळ्या वाटीतून, वरनं, तोंडाला हात न लावता. ते काय म्हनले न्हाईत. मला वाटायचं, चूक त्यांची हाय म्हनून गप ऱ्हातात."

त्या उठल्या. मोरीच्या वरच्या फळीवर, बाकीच्या भांड्यांपासून दूर, एक पितळी ताट पालथं होतं. काठाला चेपलेलं. ते त्यांनी काढलं, पदरानं पुसलं आणि चुलीपाशी आणून ठेवलं. त्यात भाकरी घेतली, वरण वाढलं, मिठाचा खडा ठेवला. मग त्याच्यापुढे बसल्या आणि जेवू लागल्या.

मी दारात उभा होतो. आमच्याकडे जेवायच्या वेळी दारात आलेल्या परक्या माणसालाही भाकरी विचारतात, आणि त्या बाईनं तर आयुष्यात कुणाला विचारल्याशिवाय घास घेतला नव्हता. त्या भाकरी मोडत होत्या, वरणात बुडवत होत्या, सावकाश चावत होत्या. ताट पुसून खाल्लं त्यांनी. त्यांनी मला विचारलं नाही.